वन बाय एटवरचा दिवस

पहाटे ५.३०

पहिल्या पाळीला निघालेले लोक कोकणे चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभे असतात, त्या सुमाराला मी चार्जरमधून सेल काढायला घेते. फ्लॅश तीन, प्रत्येकाला चार सेल, आणि तेवढेच सेल बदलीला. प्रत्येक चौकडीवर मार्करने अक्षर टाकलेलं आहे: अ, ब, क असं पुढे. 'अ'मधला सेल 'ब'मध्ये जात नाही. चार सेल एकत्र चार्ज होतात, एकत्र वापरले जातात आणि एकत्रच म्हातारे होतात. त्यात एक जरी थकलेला घुसला तरी उरलेले तिघे त्याच्या चालीने चालतात आणि फ्लॅशचा लाल दिवा लागायला वेळ खातो. लग्नात तो वेळ मिळत नाही.

माझं काम लग्नाचं, आणि त्यातही ज्याला धंद्यात 'ट्रॅडिशनल' म्हणतात ते. कॅन्डिडवाला दुसरा असतो, व्हिडिओवाले वेगळे. स्टेजवरचा प्रत्येक विधी, प्रत्येक पाहुणा, प्रत्येक आहेर नीट उजेडात यायला हवा, ही जबाबदारी माझी. या कामाला मी कॅमेऱ्याच्या कंपनीचा फ्लॅश वापरत नाही. गोडॉक्सचे साधे मॅन्युअल फ्लॅश वापरते. शेन्झेनची ही कंपनी १९९३ पासून स्टुडिओचे दिवे बनवते आहे. मूळ कंपनीच्या एका वरच्या फ्लॅशच्या पैशात असे तीन-चार सहज येतात. पण फक्त स्वस्त म्हणून घेतले असं कुणी समजू नये. एका जागेवरून येणाऱ्या हुशार उजेडापेक्षा तीन जागांवरून येणारा, माझ्या सांगण्याबाहेर न जाणारा उजेड मला जास्त कामाचा वाटतो. आजचा अख्खा दिवस त्याच विश्वासावर काढायचा आहे.

सकाळी ७.४५

लॉन्स रहाटणीतच, घरापासून गाडीने पाच मिनिटं. माझा असिस्टंट आधीच पोचलेला असतो. वयाने लहान आहे, पण स्टँड उभा करताना पायाखालची जमीन बघतो, वायरींवर टेप मारतो, आणि मला न विचारता वाळूची पिशवी अडकवतो. असा मुलगा मिळणं हे नशीब.

त्याने नवीन कॅमेरा घ्यायचं ठरवलंय आणि आज तो मित्राची बॉडी बघायला घेऊन आलाय. मी आधी त्याचा हॉट शू बघते. वरच्या चौकोनी खाचेत मधोमध एक मोठा गोल बिंदू असतो. शटर उघडलं की तोच फ्लॅशला 'आता' म्हणून सांगतो. आमच्यासारख्या मॅन्युअल फ्लॅशला तेवढा एकच बिंदू पुरतो. बाकीचे छोटे बिंदू ज्या त्या कंपनीची आपापसातली भाषा बोलतात. अलीकडच्या काही स्वस्त बॉडींमधून हा मधला बिंदूच काढून टाकलाय. तसल्या कॅमेऱ्यावर एकाच बिंदूचा फ्लॅश कितीही चांगला लावा, पेटणार नाही.

"ताई, मग ही नको?"

"फोटो उत्तम देईल. पण आपले फ्लॅश हिच्यावर चालणार नाहीत. घेण्याआधी शूमध्ये बोट घालून बघायचं."

उलट्या बाजूचा धोकाही त्याला सांगते. वडिलांच्या काळातला एखादा व्हिव्हिटार किंवा नॅशनल फ्लॅश कपाटात सापडतो आणि डिजिटल कॅमेऱ्यावर चढवायचा मोह होतो. त्या जमान्यातल्या काही फ्लॅशच्या ट्रिगरला दोनशे व्होल्टच्याही वर दाब असायचा. जुन्या कॅमेऱ्यात तो लोखंडी-पितळी संपर्कावर जायचा, काही बिघडत नसे. आता तिथे नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आहे. मीटरने व्होल्टेज मोजल्याशिवाय जुना फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर चढवायचा नाही.

सकाळी ९.३०

हळद. लॉन्सच्या कडेला पिवळ्या कापडाचा छोटा मांडव, मध्ये पाट, त्याभोवती आत्या, मावश्या, माम्या, करवल्या. ऊन मांडवाच्या मागून येतंय आणि कापडातून गाळून सगळ्यांच्या तोंडावर पिवळं पडतंय. हळदीचा पिवळा आणि कापडाचा पिवळा यात फरक राहिला नाही तर हळद लागल्याचं फोटोत कळणारच नाही. हळदीला फ्लॅश हवा तो याच्यासाठी. कपाळावर, गालावर पांढरा उजेड पडला की हळद हळदीसारखी दिसते आणि मागचं कापड मागेच राहतं.

मॅन्युअलची खरी परीक्षा इथे असते, कारण इथे कुणी एका जागी बसत नाही. लोक विचारतात, अंतर सतत बदलत असताना हाताने पॉवर कशी लावता? त्याचं उत्तर एका सुतळीत आहे. छोट्या सॉफ्टबॉक्समधला फ्लॅश काठीवर लावून असिस्टंट धरतो. काठीला सुतळी बांधलेली आहे आणि सुतळीला गाठी: एक मीटरवर, १.४ वर, २ वर, २.८ वर. हेच आकडे लेन्सच्या ॲपर्चरवरही असतात, कारण दोन्हीकडे गणित एकच. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. २ मीटरवरून ४ मीटरवर गेलात तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून निम्मा उजेड हवा असेल तर अंतर दुप्पट करायचं नाही, १.४ पट करायचं. सुतळीची एक गाठ म्हणजे एक स्टॉप, उजेड निम्मा किंवा दुप्पट.

आज हळदीला शटर १/२००, ॲपर्चर एफ ५.६, आयएसओ २००. फ्लॅश २ मीटरच्या गाठीवर असताना पॉवर वन बाय एट, म्हणजे पूर्ण ताकदीचा आठवा हिस्सा. पोरगा पुढच्या गाठीला आला की मी वन बाय सिक्स्टीन करते, मागच्या गाठीला गेला की वन बाय फोर. तो नुसतं "एक आत" किंवा "एक बाहेर" म्हणतो. फ्लॅशना रेडिओने पेटवणारा ट्रिगर कॅमेऱ्यावर बसवलेला असतो; त्याची चकती माझ्या अंगठ्याखाली असते, तिच्याकडे मी बघतसुद्धा नाही. सुतळी अर्थातच रोज कुणाच्या नाकापर्यंत ताणत नाही. काही दिवस ताणली की हाताला अंतर कळायला लागतं, नंतर ती नुसती लोंबते. तरी मी ती काढत नाही. नवीन मुलाला शिकवायला तिच्याइतकं चांगलं साधन माझ्याजवळ नाही.

शटर १/२०० च का, तर माझ्या कॅमेऱ्याचा पडदा पूर्ण उघडा असण्याची ती शेवटची पायरी. त्याच्यावर गेलं की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक नावाची सोय आहे, पण त्यात फ्लॅशला एक मोठा झोत टाकण्याऐवजी बारीक बारीक झोतांची रांग लावावी लागते आणि ताकद पार उतरते. भर उन्हात ती उधळपट्टी मला परवडत नाही. त्यापेक्षा मी वधूला मांडवाच्या दोन हात आत सरकवते.

दुपारी १.००

जेवणाची पंगत, म्हणजे आता बुफे. तिथले चार फोटो, आजी-आजोबांच्या टेबलाशी थोडा जास्त वेळ, बाकी काही नाही. जेवणाऱ्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आत हॉलचं छत पांढरं आहे, तेव्हा फ्लॅशचं डोकं वर करून छतावरून उजेड उतरवते, पॉवर वन बाय फोर, आणि काम संपवते.

दुपारी २.३०

सामसूम झालेल्या स्टेजवर आम्ही दोघंच. दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम आता होतं आणि अल्बममध्ये ते कुणालाच दिसत नाही.

स्टेज उघड्यावर आहे, वर आकाश. छतावरून उजेड उतरवायचा प्रश्नच नाही. नवरा-नवरी जिथे उभे राहणार तिथे जमिनीवर टेपची फुली मारते. तिथपासून डावीकडे आणि उजवीकडे चार-चार मीटरवर दोन स्टँड, डोक्याच्या बऱ्याच वर, पांढऱ्या छत्र्यांमधून उजेड आत. तिसरा फ्लॅश मागच्या फुलांच्या भिंतीआड, पाठीमागून खांद्यावर आणि केसांवर कड यायला. त्याच्यावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) अर्धं चढवलेलं, कारण संध्याकाळी मांडवाचे पिवळे दिवे लागणार आणि पाठीमागचा उजेड त्यांच्यातलाच वाटायला हवा. समोरच्या दोघांवरही तेच जेल, थोडं फिकं. नुसता पांढरा फ्लॅश मारला तर माणसं दवाखान्यात आणि मांडव भट्टीत असल्यासारखं दिसतं.

आता हिशेब. फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर ६० छापलेला असतो, पण तो डोकं २०० मिलिमीटरपर्यंत आवळून, उजेड एका पट्ट्यात गोळा केल्यावरचा. छत्री भरायची तर डोकं रुंद ठेवावं लागतं, तेव्हा मी ३२ धरून चालते. गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे ॲपर्चर, आयएसओ १०० ला आणि फुल पॉवरला. ३२ भागिले ४ म्हणजे एफ ८. छत्रीतून जाताना साधारण दोन स्टॉप खाल्ले जातात, म्हणजे उरला एफ ४. आता पॉवर फुलवरून वन बाय एट केली की तीन स्टॉप उतरतात, आणि आयएसओ १०० चा ८०० केला की तीन स्टॉप चढतात. फिटंफाट. वन बाय एट, एफ ४, आयएसओ ८००. असिस्टंटला फुलीवर उभा करून एक फोटो काढते, हिस्टोग्राम बघते, एक तृतीयांश स्टॉप वर घेते. झालं.

वन बाय एटच्या मागे मी एवढी का लागते, ते संध्याकाळी अंतरपाट खाली येईल तेव्हा कळेल. फुल पॉवरला फ्लॅश एकदा पेटला की पुन्हा भरायला दोन-अडीच सेकंद घेतो, सेल दमले की त्याहून जास्त. सतत फुलवर मारत राहिलं तर डोकं तापतं आणि फ्लॅश स्वतःच मंदावतो. वन बाय एटला कंडेन्सरमधली आठवा हिस्सा ऊर्जाच खर्च होते. शिल्लक भरपूर असते, म्हणून तो लगोलग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेवढाच पेटतो.

शेवटी चॅनेल. या पट्ट्यात लॉन्स एकमेकांना खेटून आहेत, मध्ये फक्त पत्र्याचं कुंपण. शेजारीही आज लग्न आहे आणि तिथल्या फोटोग्राफरकडेही बहुतेक हाच ट्रिगर असणार. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, पत्र्यापलीकडेही आरामात पोचतो. डब्यातून काढल्याबरोबर सगळे जण चॅनेल १ वरच असतात. ३२ चॅनेल आहेत, मी १७ वर जाते. नाहीतर शेजारच्या हाराला आमच्या छत्र्या पेटायच्या. आणि फ्लॅश दुसऱ्याचा झोत बघून पेटणाऱ्या स्लेव्ह मोडवर चुकूनही ठेवायचा नाही. लग्नात कुणा पाहुण्याच्या हातात कॅमेरा असतोच, त्याच्या प्रत्येक फोटोबरोबर माझे सेल संपतात.

दुपारी ४.४५

नवरीची खोली. बाई फोटोग्राफर असण्याचा फायदा हा, की मेकअप चालू असताना मला दाराबाहेर थांबावं लागत नाही. खोलीत एक भिंत पांढरी आहे. फ्लॅशचं डोकं त्या भिंतीकडे वळवते आणि आरशासमोर बसलेल्या मुलीवर खिडकीतून आल्यासारखा उजेड येतो. वन बाय सिक्स्टीन पुरतो.

मुलगी सावळी आहे, छान तकतकीत. शालू गडद हिरवा, जरीचे काठ रुंद. मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणते, "मॅडम, फोटोत जरा उजळ येईल ना?"

"मावशी, आहे तशी येईल. आणि सुंदर येईल."

हे मी फोटोग्राफर म्हणून बोलते, मन राखायला नाही. फ्लॅश टीटीएलवर म्हणजे आपोआप मोजणीवर असतो तेव्हा तो आधी एक छोटा झोत टाकतो, परत आलेला उजेड मोजतो, आणि समोर जे काही आहे ते मध्यम करड्या रंगाचं असणार असं धरून चालतो. गडद शालू, काळेभोर केस, सावळी त्वचा: उजेड कमी परत आला की यंत्राला वाटतं अंधार आहे, आणि ते पॉवर वाढवतं. चेहरा फटफटीत होतो, कपाळावर आणि नाकावर पांढरे डाग पडतात, मेकअप पिठासारखा वर येतो. पुढच्याच फोटोत तिच्याशेजारी पांढऱ्या कुर्त्यातला भाऊ उभा राहिला की तेच यंत्र पॉवर कमी करतं आणि ती एकदम काळपट दिसते. एकाच मुलीचे एकाच संध्याकाळचे दोन रंग. मॅन्युअलमध्ये फ्लॅश समोर कोण आहे ते बघतच नाही. फुलीवर जो उभा राहील त्याला तेवढाच उजेड. मग गोरा गोरा दिसतो, सावळा सावळा दिसतो, आणि शालूचा हिरवा पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत हिरवाच राहतो. आपल्याकडच्या माणसांच्या त्वचेचे रंग इतके नाना तऱ्हेचे आहेत, की त्यांना एका करड्या मापाने मोजणं मला मुळातच पटत नाही.

संध्याकाळी ६.२०

पत्रिकेवर मुहूर्त ६.४७ चा. फेब्रुवारीत इथे साडेसहाच्या पुढेमागे सूर्य मावळतो. म्हणजे गोरज मुहूर्ताला दिवस आणि रात्र यांच्या बरोबर मध्ये काम. अर्ध्या तासात आकाशाचा उजेड कैक पटींनी उतरतो. आपोआप मोजणीवाले या वेळी घायकुतीला येतात. माझ्यासाठी ही दिवसातली सगळ्यात आवडती वेळ आहे.

कारण फ्लॅशच्या फोटोत दोन उजेड असतात आणि दोघांचे लगाम वेगवेगळे. फ्लॅश हजारव्या भागाच्या आसपास पेटून विझतो, तेव्हा शटर १/२०० असो की १/५०, त्याला काही फरक पडत नाही. आकाश आणि मांडवाचे दिवे मात्र शटर उघडं असेपर्यंत आत येत राहतात. माणसं फ्लॅशने उजळायची, आकाश शटरने.

सव्वासहाला आकाश अजून जोरात आहे, म्हणून आयएसओ २०० आणि फ्लॅश वन बाय टू. इथे दोन स्टॉप खाली, तिथे दोन स्टॉप वर. नवरदेव घोड्यावरून उतरतो तेव्हा हे चालू असतं, मागे केशरी निळं आकाश. पावणेसातला आयएसओ ८००, फ्लॅश दुपारी लावलेल्या वन बाय एटवर. त्यानंतर फ्लॅशला हात लावायचा नाही. पाच-सात मिनिटांनी शटर १/२०० वरून १/१६०, मग १/१००. आकाश माझ्या फोटोत अजून निळं आहे, डोळ्यांना मात्र ते काळं दिसायला लागलंय.

१/१०० ला मी थांबते. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० असलं की प्रत्येक फोटोत पूर्ण झोका सापडतो. त्याच्यापेक्षा वेगात गेलात तर कधी पट्टे येतात, कधी रंग हलतात. मागे एलईडीची मोठी भिंत असली तर जास्तच.

संध्याकाळी ७.०५

मुहूर्त थोडा पुढे गेला आहे, गुरुजी घाई करत आहेत. दोन मामा अंतरपाट धरून उभे. पांढरंशुभ्र कापड, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक, अलीकडे पलीकडे नवरा-नवरी, हातात हार. मुंडावळ्या हलत आहेत. समोर शे-दीडशे माणसं मुठीत अक्षता घेऊन.

हा अंतरपाट म्हणजे टीटीएलचा शत्रू. फ्रेमच्या मधोमध एवढं मोठं पांढरं कापड आलं की मोजणारा फ्लॅश त्यालाच बघतो, पॉवर आखडती घेतो, आणि दोन्ही बाजूंचे चेहरे अंधारात जातात. मग कापड खाली येतं, तेव्हा त्याच्या नजरेसमोर एकदम गडद शालू. तो पुन्हा नव्याने मोजतो, मोजण्यासाठी आधीचा छोटा झोत टाकतो, आणि त्या झोताला कोणीतरी पापणी मिटतं. विधी तर क्षणभराचा.

मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं की मी एक डोळा कॅमेऱ्याबाहेर ठेवते. शेवटचा 'सावधान' झाला, वाजंत्री वाजली, मामांनी कापड उत्तरेकडे ओढलं. पहिला फोटो: कापड अर्धं खाली, तिच्या कपाळापासून डोळ्यांपर्यंतच दिसतंय, त्याचा चेहरा पूर्ण. दुसरा: दोघं एकमेकांकडे बघतात. तिसरा: अक्षता हवेत. चौथा: तिने हार उचललाय, मागे मोठी बहीण टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसते. चारही फोटोंत उजेड सारखा, फ्लॅश एकदाही चुकला नाही.

तिसऱ्या फोटोतल्या अक्षता बघा. लाल-पिवळे दाणे डोक्यांच्या वर थिजलेले, एकेक वेगळा मोजता येईल असा. ही फ्लॅशच्या कमी पॉवरची देणगी. बहुतेकांना वाटतं पॉवर कमी म्हणजे झोत मंद. तसं नसतं. या फ्लॅशमध्ये पॉवर कमी करणं म्हणजे झोत लवकर तोडणं. जितकी पॉवर कमी तितका क्षण बारीक. एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विजेच्या झोताने वेगवान गोष्टी थिजवायची पद्धत उभी केली. १९५७ सालचा त्यांचा दुधाच्या थेंबाच्या मुकुटाचा फोटो आणि १९६४ सालचा सफरचंदातून आरपार गेलेल्या गोळीचा फोटो जगभर गाजले. रहाटणीच्या लॉन्सवर अक्षता हवेत थांबतात, त्या त्याच शोधाच्या बळावर. माझ्या असिस्टंटला मी ते दोन्ही फोटो मोबाईलवर दाखवलेले आहेत. आपण काय हातात धरून उभे आहोत हे त्याला माहीत असायला हवं.

रात्री ८.००

सप्तपदी, कन्यादान, होम. नवरा-नवरी आता खाली बसलेले, म्हणजे फुलीपासून हललेले. असिस्टंट स्टँडची उंची उतरवतो, अंतर तेच राखतो. होमाच्या ज्वाळेचा रंग चेहऱ्यावर यावा म्हणून डावीकडचा फ्लॅश वन बाय थर्टीटूवर टाकते आणि शटर १/५० करते. धुरावर मागचा फ्लॅश पडला की धूर पांढरा उठून दिसतो. तो हवा तेवढाच दिसला पाहिजे, म्हणून मागचा फ्लॅश पूर्ण बंद. मंगळसूत्राच्या वेळी मात्र पुन्हा आधीचं सगळं.

रात्री ९.१५

स्टेजवर रांग. एका घरचे चढतात, आहेर देतात, उभे राहतात, उतरतात. पुढचे तयार. मध्येच माईकवर सत्काराची नावं, पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे, फेटे बांधलेली मामामंडळी, नऊवारीतल्या आज्या, काळ्या शर्टातली कॉलेजची पोरं. पंधरा जणांचा गोतावळा आला की मी दोघांना टेपच्या फुलीवरून हलू देत नाही, बाकीच्यांना त्यांच्या ओळीत उभं करते. कुणी पुढे आलं की तो जास्त उजळणार, मागे गेलं की काळवंडणार. हे मला न मोजता माहीत असतं, म्हणून एक हात वर करून "काका, अर्धं पाऊल मागे" एवढंच म्हणावं लागतं.

रांगेत लोकांचा तोच तो चेहरा होतो असं कॅन्डिडवाले म्हणतात. मला तसं वाटत नाही. सेटिंगकडे बघायचं नसलं की डोळे माणसांकडे जातात. कोणत्या काकूंना गुडघा दुखतोय, कोणाला नवरीजवळ उभं राहायचंय पण पुढे सरकायचा संकोच आहे, कोणत्या आजोबांनी स्टेजवर चढायच्या आधी खिशातला कंगवा काढला. एक म्हातारी काठी टेकत चढली, नवरीच्या हनुवटीला हात लावला, बोटं मोडली. तिला फोटोचं भानच नव्हतं. रांग थांबवून मी तिचे चार फोटो काढले. पॉवर, ॲपर्चर, शटर, कशालाच हात लावावा लागला नाही.

मध्ये एकदा डावीकडच्या फ्लॅशचा दिवा उशिरा लागायला लागला. असिस्टंटने "ब" म्हणून हाक दिली, एका घरचे उतरून दुसरे चढेपर्यंत चार सेल बदलले.

रात्री ११.१०

नवरदेवाचे मित्र आले. दुसरी पाळी सुटल्यावर चाकणहून मोशी, भोसरी, नाशिक फाटा असं करत, दोघे अजून कंपनीच्या गणवेशातच. त्यातला एक मागेच उभा राहिला, कपडे असे आहेत म्हणून. त्याला हाताला धरून नवरदेवाशेजारी उभा केला. निळ्या गणवेशावरची रिफ्लेक्टरची पट्टी समोरून थेट मारलेल्या फ्लॅशमध्ये आरशासारखी चमकते आणि फोटो खाऊन टाकते. छत्र्या बाजूला आहेत म्हणून उजेड परत माझ्याकडे येत नाही. पट्टी नुसती करडी दिसते, चेहरा चेहऱ्यासारखा.

पाठवणीला मी सगळे स्टँड बंद करते. फक्त कॅमेऱ्यावर एक फ्लॅश, वन बाय थर्टीटू, आणि आयएसओ चढवून गाडीच्या दिव्यांचा उजेड. त्या वेळी कुणाच्या तोंडावर मोठा झोत जाता कामा नये.

रात्री १२.३०

घर. कार्ड दोन ठिकाणी कॉपी होत असताना नवरीच्या भावाचा मेसेज: ताई, स्टेटसला ठेवायला एक तरी पाठवाल का आत्ता? अंतरपाटाचा दुसरा फोटो कॅमेऱ्यातून जसा निघाला तसा पाठवला. स्टेजवरच्या सगळ्या फोटोंना उद्या एकदाच रंग लावायचा आणि तोच सगळ्यांवर चढवायचा, कारण उजेड सगळ्यांवर एकच होता. जिथे प्रत्येक फोटोला वेगळा उजेड असतो तिथे एडिटिंगवाल्याचे दिवसच्या दिवस जातात.

वहीत या लॉन्सची नोंद केली: स्टँड ते फुली अंतर, वन बाय एट, एफ ४, आयएसओ ८००, मागे फुलांची भिंत, शेजारी लग्न असल्यास चॅनेल १७. सगळ्या चौकड्या चार्जरला लावल्या. उद्याचा साखरपुडा काळेवाडीत आहे. तिथल्या हॉलचं छत निळ्या रंगाचं आहे, वरून उजेड उतरवला तर सगळे निळे येतील. म्हणून छत्र्या गाडीतून काढल्याच नाहीत.